एडिसनला येण्याआधी इथल्या जमिनीबद्दल थोडं

नमस्कार ताई,

ऑगस्टमध्ये तुम्ही ठाण्याहून न्यू जर्सीत एडिसनला येताय, मुलगी सातवीत जाणार. भाडं, शाळा, गाडी याबद्दल बाकीच्यांनी सांगितलंच आहे. तुमचा शेवटचा प्रश्न मात्र तसाच राहिला: "न्यू जर्सी उत्तरेत, म्हणजे तिथे गुलामगिरी नव्हतीच ना? मुलीने विचारलं तर काय सांगू?"

होती, ताई. मीही अठरा वर्षांपूर्वी हाच समज घेऊन आले. जोतिबांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या लोकांना अर्पण केली, त्यामुळे उत्तरेकडची राज्यं म्हणजे गुलामांना सोडवणारी, एवढंच डोक्यात. न्यू जर्सीचा १८०४ चा कायदा वाचला तेव्हा डोळे उघडले. त्या वर्षीच्या ४ जुलैपासून जन्मलेली मुलंच मोकळी होणार होती, तीही आईच्या मालकाकडे राबून, मुलगी २१ ची आणि मुलगा २५ चा झाल्यावर. १८६० च्या जनगणनेत या राज्यात १८ गुलामांची नोंद आहे. पूर्ण सुटका झाली ती १८६५ च्या घटनादुरुस्तीने.

पण मुलीला सांगाच, ती जमिनीची गोष्ट. मॅनहॅटनवर, म्हणजे आजच्या न्यू यॉर्क शहरात, सतराव्या शतकात डचांचं न्यू ॲमस्टरडॅम हे गाव होतं. डच वेस्ट इंडिया कंपनीने आफ्रिकन माणसं गुलाम म्हणून आणली आणि किल्ल्याची, रस्त्यांची कामं त्यांच्याकडून करून घेतली. १६४४ साली पॉलो अँगोला, सायमन काँगो, मोठा मॅन्युएल, धाकटा मॅन्युएल अशा ११ जणांनी कंपनीकडे मुक्ती मागितली. मिळाली ती अर्धी. ते आणि त्यांच्या बायका मोकळ्या, कसायला जमीनही मिळाली; बदल्यात प्रत्येकाने दरसाल ३० मापं मका किंवा गहू आणि एक पोसलेलं डुक्कर द्यायचं, शिवाय कंपनी बोलावेल तेव्हा कामाला हजर व्हायचं. आणि त्यांची मुलं, झालेली आणि पुढे होणारी, कंपनीचीच गुलाम.

हे वाचत होते तेव्हा माझा मुलगा शेजारी गृहपाठ करत होता. मला पुढे वाचवेना.

जमिनी दिल्या त्या वेशीबाहेर, आजच्या बावरी रस्त्यापासून वॉशिंग्टन स्क्वेअरच्या बाजूला. गव्हर्नर कीफ्टचं तेव्हा इथल्या मूळच्या लेनापे लोकांशी युद्ध पेटलं होतं. हल्ला झाला तर आधी यांची शेतं लागणार. गावकुसाबाहेर कुणाला आणि का बसवतात, हे आपल्याला वेगळं सांगायला नको. तरीही त्या माणसांनी रान मोडून शेती केली. पुढच्या पिढीतल्या जॉन डी व्रीस आणि क्लाएस मॅन्युएल या दोन मुक्त काळ्या माणसांची नावं टॅपन इथल्या जमिनीच्या १६८७ च्या सनदेत गोऱ्यांच्या बरोबरीने हिस्सेदार म्हणून आहेत. ती जमीन न्यू जर्सीच्या उत्तर टोकाला, आज काही बर्गन काउंटीत, काही पलीकडे न्यू यॉर्क राज्यात.

मग इंग्रजी अमलात, १७१२ मध्ये, न्यू यॉर्कला गुलामांचा उठाव झाला आणि त्याच वर्षी कायदा आला: यापुढे मुक्त होणाऱ्या काळ्या माणसाच्या नावावर घर नाही, जमीन नाही. गुलामाला सोडायचं तर मालकाने २०० पौंडांचा जामीन द्यायचा. न्यू जर्सीनेही पाठोपाठ तसाच कायदा केला.

घर बघायला लागाल तेव्हा आपलेच लोक ‘चांगली वस्ती’ आणि ‘तसली वस्ती’ करून सांगतील. काळ्या लोकांबद्दल "इतकी पिढ्यानपिढ्या इथे आहेत, साधं घर करता आलं नाही त्यांना," हेही ऐकाल. मला त्याचा फार संताप येतो. घर केलं होतं त्यांनी, शेतंही केली होती. पुढच्यांना कायद्यानेच बंदी घातली.

शाळेची काळजी नको. २००२ च्या ॲमिस्टॅड कायद्यामुळे इथल्या शाळांत हा इतिहास शिकवायचाच असतो. पण शिक्षकांवर भिस्त असते, म्हणून स्थिरस्थावर झालात की एका शनिवारी मुलीला घेऊन रेल्वेने न्यू यॉर्कला जा. ब्रॉडवेजवळ आफ्रिकन दफनभूमीचं स्मारक आहे, प्रवेशाला पैसे नाहीत. १९९१ मध्ये सरकारी इमारतीचा पाया खणताना ती सापडली, ४१९ जणांचे अवशेष निघाले. एका बाईच्या कमरेला काचेच्या मण्यांची आणि कवड्यांची माळ होती. २००३ मध्ये सगळ्यांना तिथेच पुन्हा मातीत ठेवलं. आता हिरवळीवर सात उंचवटे दिसतात. तिथे चपला काढायची रीत नाही, पण माझ्या मुलाने आपणहून बूट काढले होते.