केळीपट्ट्यातून ब्रुसेल्सला येणाऱ्या भावाला

भाऊ, तू रावेरहून विचारलंस की ब्रुसेल्सला मास्टर्स करायला येतोय, तर पुढे युरोपियन कमिशनात, म्हणजे युरोपियन युनियनचा कारभार चालवणाऱ्या संस्थेत, कायमचं कसं लागायचं? सरळ सांगतो. कायम अधिकारी व्हायला युनियनच्या सदस्य देशाचं नागरिकत्व लागतं, म्हणजे ती वाट तुला आज बंद. पण त्याच इमारतींच्या आसपासच्या गल्ल्यांत युरोपातल्या प्रदेशांची, शहरांची कार्यालयं आहेत, त्यांच्या संघटना आहेत. तिथे वर्क परमिट झालं की पासपोर्ट कुठला हे आड येत नाही. मी तसाच लागलो.

ही मंडळी करतात काय? प्रदेश समिती हे युनियनमधल्या प्रदेशांचं आणि शहरांचं अधिकृत व्यासपीठ १९९४ पासून चालू आहे. सदस्य ३२९, त्यात महापौर, प्रांतांचे नेते. काही विषयांत तिला विचारावंच लागतं, ऐकलंच पाहिजे असं नाही. आपल्या ग्रामसभेच्या ठरावाचं होतं तेच. म्हणून खरा जोर आघाड्यांवर. 'युरोसिटीज' ही शहरांची आघाडी १९८६ साली सहा शहरांनी सुरू केली, आता दोनशेच्या वर आहेत.

तुला केळीचंच सांगतो. कॅनरी बेटं स्पेनची, मादेरा पोर्तुगालचं, मार्तिनिक आणि ग्वादलूप फ्रान्सची. देश तीन, रडगाणं एक: मुख्य बाजार समुद्रापलीकडे, वाहतूक महाग, समोर लॅटिन अमेरिकेचा स्वस्त माल. एकटं मार्तिनिक ओरडलं तर तो पॅरिसचा घरगुती मामला. म्हणून अशा दूरच्या प्रदेशांच्या अध्यक्षांनी १९९५ पासून परिषद भरवायला सुरुवात केली. १९९७ च्या ॲमस्टरडॅम करारात त्यांच्यासाठी वेगळं कलम आलं, युनियनच्या करारातलं आजचं ३४९ वं. त्यात प्रदेशांची नावं लिहिलेली आहेत, नावं! डिसेंबर २००९ मध्ये लॅटिन अमेरिकी केळीवरचा आयात कर टनामागे १७६ युरोवरून टप्प्याटप्प्याने ११४ वर आणायचं ठरलं. ते काही या प्रदेशांना रोखता आलं नाही. पण उत्पादकांची मदत मात्र त्यांनी वाढवून घेतली.

आपल्याकडे रावेरचा शेतकरी रोज मध्य प्रदेशातल्या बऱ्हाणपूरचा भाव बघतो. करपा तोच, थंडीतला चरका तोच, फक्त राज्य दुसरं. दोन्हीकडच्या जिल्हा परिषदांनी मिळून दिल्लीला एकच निवेदन नेलेलं मी तरी पाहिलं नाही. इथल्या मुलाखतीत हे सांग. पट्टा म्हणजे काय हे तुला पुस्तकातून शिकावं लागलेलं नाही.

काम मात्र भाषणांचं नाही. कायद्याचा मसुदा छापून आला की उशीर झालेला असतो. कमिशन अजून चाचपडत असतं तेव्हाच पाच देशांतल्या आठ प्रदेशांकडून माहिती गोळा करून, दुरुस्तीचं वाक्य तयार करून द्यायचं. आठही जणांना ते एकच वाक्य मान्य करायला लावणं, यात महिने जातात. इंग्रजीवर भागेल, पण फ्रेंच आलं तर जेवणाच्या टेबलावरचं कळतं, आणि अर्धी बातमी तिथेच असते.

आलास की आठ कामाच्या दिवसांत कम्यूनमध्ये, म्हणजे नगरपालिकेत, नोंद कर. ब्रुसेल्स एक नगरपालिका नाही, १९ आहेत. खोली घेताना ती कुणाच्या हद्दीत येते ते आधी विचार. माझं रहिवासाचं कार्ड एकीकडे चार महिने रखडलं, आणि शेजारच्या रस्त्यावरच्या पोराचं, दुसऱ्या हद्दीत, तीन आठवड्यांत आलं.