मुंगी की बिनपंखी गांधीलमाशी?

प्रश्न : उघड्या वाळूवर एकटीच धावणारी एक केसाळ मुंगी दिसली. छाती लाल, पोट काळं, त्यावर पांढरे ठिपके. चिमटीत धरल्यावर चक्क चिरचिरली! ही कुठली मुंगी?

उत्तर : मुंगी नव्हेच. वर्णनावरून ही म्युटिलिडी कुळातली गांधीलमाशी, म्हणजे तथाकथित ‘मखमली मुंगी’, आणि तीही मादी. नराला पंख असतात, त्यामुळे दोघं एकाच जातीची हे पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही. डंख झाला नाही हे नशीब समजा. काही जातींत नांगी अंगाच्या निम्म्या लांबीइतकी असते आणि ती हवी तशी वळते. चिरचिर हा तर इशाराच होता.

ओळखताना रंग आणि पंख बाजूला ठेवा. कंबर आणि मिशा बघा. मुंगीच्या कमरेवर एक किंवा दोन उभ्या गाठी असतात. मिशीचा पहिला भाग लांब असतो आणि त्यापुढे ती कोपरासारखी मोडते. मखमली मुंगीच्या मिशीचा पहिला भाग त्या मानाने आखूड, पुढची मिशी दोऱ्यासारखी वळलेली, आणि कमरेवर तशी उभी गाठ नाही. मात्र काही बारीक मुंग्यांची गाठ इतकी चपटी असते की पोटाखाली झाकून जाते. म्हणून ‘गाठ दिसली नाही’ एवढ्यावर निकाल देऊ नका, मिशा पाहिल्याच पाहिजेत.

फोटो बहुतेक जण वरून काढतात, आणि तिथेच फसतात, कारण वरून गाठ दिसत नाही. कीटकावर काचेची बाटली पालथी घालून खालून कागद सरकवा. झाकण लावून पाच-दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा (फ्रीजरमध्ये नको), म्हणजे तो मंदावतो. मग मिलिमीटरची पट्टी शेजारी ठेवून एक फोटो अगदी बाजूने, एक समोरून मिशांचा. दहापट भिंग असेल तर उत्तम. काम झालं की सोडून द्या. वारूळ शोधू नका, कीटकनाशकही फवारू नका. ही एकटी राहते आणि जमिनीत घरटी करणाऱ्या मधमाश्या-गांधीलमाश्यांच्या वाढ पूर्ण झालेल्या अळ्यांवर किंवा कोषांवर अंडी घालते.

प्रश्न : जुन्या लाकडी कपाटाजवळ तीनएक मिलिमीटरच्या मुंग्या दिसतात. रात्री अंगावर खाजरे लाल फोड उठतात. ढेकूण सापडले नाहीत.

उत्तर : लाकडातून पिठासारखा भुसा पडतो का ते आधी बघा. पडत असेल तर बेथिलिडी कुळातल्या बिनपंखी गांधीलमाश्यांचा संशय घ्यावा. डोकं लांबट, चपटं, पुढे रोखलेलं आणि कमरेवर गाठ नाही, ही खूण. त्या लाकूड पोखरणाऱ्या भुंग्यांच्या अळ्यांवर जगतात. माणसाला डंख होतो तो अंगाखाली चिरडल्यावर. मुंग्यांचं औषध ठेवून उपयोग नाही, कारण यांचं अन्न लाकडात आहे. भुंग्याचा बंदोबस्त करा किंवा ते लाकूड हलवा.

डंखाची जागा साबणाने धुऊन बर्फ लावा. ओठ-जीभ सुजली किंवा श्वास लागला तर थेट रुग्णालय.

प्रश्न : मुंगीसारखाच, पण मिशा सतत थरथरवणारा कीटक कोळ्याच्या अंड्यांच्या पिशवीवर फिरत होता. तो कोण?

उत्तर : बहुधा जेलिस, म्हणजे इक्न्युमॉनिडी कुळातली बिनपंखी गांधीलमाशी. मिशीचे मणी (सांध्यांमधले भाग) मोजा, मुंगीपेक्षा बरेच जास्त भरतील. पाय आठ निघाले तर मात्र तो मुंगीचं सोंग घेतलेला कोळी. ज्या मिशा वाटतात ते त्याचे उचललेले पुढचे पाय.