आयोडाइड झिरपत नसतं

शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयातल्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न: म्हशीच्या अवटु (थायरॉइड) ग्रंथीत रक्तातलं आयोडाइड 'झिरपतं' म्हणावं की 'शोषलं जातं'? आणि हा 'अवटु' आला कुठून?

झिरपत नाही! हे 'झिरपणं' ऐकून कान किटले. माठ झिरपतो, बांध झिरपतो. पाणी आपसूक उताराला लागतं. इथं सगळा चढ. ग्रंथीच्या पेशीत आयोडाइड रक्ताच्या 20 ते 40 पट साठलेलं असतं, तरी पेशी आणखी आत ओढतेच. याला आमच्या सांगली जिल्ह्यात उपसा म्हणतात. म्हैसाळहून कृष्णेचं पाणी पंपांनी जतकडे चढवतात, त्या योजनेला कुणी 'झिरप सिंचन' म्हटल्याचं ऐकलंय?

आता अवटु. 'थायरॉइड' म्हणजे ग्रीकांची ढाल, हे सगळे सांगतात, सोडा. अमरकोश म्हणतो 'अवटुर्घाटा कृकाटिका', म्हणजे मानेची मागची बाजू. ग्रंथी गळ्यापुढं आणि नाव मागचं! परिभाषा घडवणाऱ्यांनी कोशात मान पाहिली असावी, पण कुठली बाजू ते पाहिलं नसावं. 'अवटु म्हणजे गळाच' असं मला दरडावणाऱ्यांनी तो श्लोक एकदा उघडावा.

तरी मला हा शब्द हवाय, कारण त्याच्या शेजारी 'अवट' बसलाय. अवट म्हणजे खड्डा, ऋग्वेदातला 'अवत' म्हणजे विहीर. दहाव्या मंडलाच्या 101व्या सूक्तात 'द्रोणाहावमवतमश्मचक्रम्' अशी विहीर आहे: लाकडी डोणीची, दगडी चाकाची, उपसायला निघालेली. मानेमागच्या खळगीवरून अवटु आला आणि तो याच घरातला, असं माझं मत. कोशकार नाक मुरडतील, मुरडू देत.

कारण ही ग्रंथी खरोखर विहिरीवरची मोट आहे. तासगावकडच्या आमच्या मळ्यात मोट थांबून जमाना झाला, तरी धावेचा उतार अजून दिसतो. बैल धावेवरून खाली उतरतात, म्हणून मोट वर येते. पेशीत सोडियम उताराला लागतो, म्हणून आयोडाइड चढतं. जोडीही तीच: दोन सोडियम, एक आयोडाइड, दोन बैल, एक मोट. मग पलीकडच्या अंगानं ते ग्रंथीतल्या बारीक पिशव्यांत, चिकट कोलॉइडमध्ये रितं होतं, थारोळ्यात मोट ओतावी तसं.

आणि खरी मेहनत बैलांना मागं सरकवत पुन्हा धावेच्या माथ्यावर नेण्याची. ती पेशीतला दुसरा पंप करतो: ऊर्जा खर्चून 3 सोडियम बाहेर, 2 पोटॅशियम आत. तो थांबला की बैल खालीच उभे.