द्राक्षं युरोपला पाठवायची तर

पहिल्यांदाच निर्यातीसाठी बाग नोंदवतोयस, तर औषधांच्या यादीपासून सुरुवात कर. दुकानदार सांगेल ते मारू नकोस. पुण्याजवळच्या मांजरी गावातल्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची चालू हंगामाची यादी काढ आणि औषधं ठेवतोस त्या खोलीच्या दारावरच चिकटव. ज्या औषधाच्या फळातल्या अंशाची वेगळी मर्यादा युरोपने ठरवलेली नाही, त्याला सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची मर्यादा लागते. एवढ्याशा अंशाला शेजारच्या बागेतून वाऱ्यावर आलेला फवाराही पुरतो, म्हणून बांधाकडच्या ओळी जप.

२०१० साली आपली द्राक्षं युरोपात अडकली ती क्लोरमेक्वाटच्या, म्हणजे आपल्या लिहोसिनच्या अंशामुळे. खरडछाटणीनंतर शेंडा थांबवायला मारलेलं संजीवक, पण ते पुढे फळात सापडलं. तेव्हा नोंदवही फळछाटणीपासून नाही, एप्रिलच्या खरडछाटणीपासून लिही. तारीख, औषध, मात्रा, सगळं त्याच दिवशी.

युरोपीय आयोग २००६ पासून युरोपबाहेरच्या अधिकाऱ्यांनाही अन्नसुरक्षेचं प्रशिक्षण देतो. असं शिकून आलेलं कुणी तालुक्याला बोलणार असेल तर काम बाजूला ठेवून जा, अंश तपासायला द्राक्षांचा नमुना कसा घेतात ते खोदून विचार. आणि प्रयोगशाळेचा माणूस बागेत आला की स्वतः त्याच्यासोबत फिर.