आधी लायसन्स, मग सुया

तुझा प्रश्न वाचला. बीव्हीएससी, म्हणजे पशुवैद्यकाची पदवी, झालीय, घोडबंदर रोडच्या एका क्लिनिकमध्ये नोकरी आहे, पुढे अमेरिकेत जाऊन जनावरांचं इंटिग्रेटिव्ह मेडिसिन (नेहमीच्या उपचारांना ॲक्युपंक्चर, रिहॅब, वनस्पती अशांची जोड) करायचंय, तर ॲक्युपंक्चरचा कोर्स इथूनच करून जावं का? मीही ठाण्याचीच, नौपाड्यातली. परळच्या कॉलेजातून शिकून आता ओहायोत हेच काम करते, म्हणून स्पष्ट सांगते: कोर्स थांबू दे, आधी लायसन्सचं बघ.

इथे बहुतेक राज्यांत जनावराला ॲक्युपंक्चर करणं ही पशुवैद्यकीची प्रॅक्टिसच धरतात, त्यामुळे लायसन्सशिवाय नुसत्या सर्टिफिकेटचा उपयोग नाही. आपली पदवीही थेट चालत नाही. बरेच जण एव्हीएमए या अमेरिकी पशुवैद्यक संघटनेच्या ईसीएफव्हीजी मार्गाने, म्हणजे परदेशी पदवीधरांसाठीच्या पडताळणीतून, जातात: कागदपत्रं, इंग्रजीची परीक्षा, मग मूलभूत विषयांची 225 प्रश्नांची बीसीएसई परीक्षा आणि शेवटी सीपीई. शिवाय नॅव्हले ही लायसन्सची परीक्षा वेगळी, 360 प्रश्नांची. पेव्ह नावाचा दुसरा मार्गही आहे. ज्या राज्यात जायचं ते काय मान्य करतं, हे आधी बघून ठेव.

खरी कसोटी सीपीईची. ती हाताने करून दाखवायची परीक्षा. सात विभाग: भूल, सर्जरी, एक्स-रे, कुत्र्या-मांजरांचं मेडिसिन, पोस्टमॉर्टेम, घोडे आणि गाई-गुरं. फी हजारो डॉलर्सची, म्हणजे सहज देऊन बघू असं चालत नाही. तू दिवसभर लॅब्रॅडॉर आणि पर्शियन मांजरं बघत असणार. घोड्याच्या नाकातून पोटात नळी घालायला हात बसलेला हवा, गाभण म्हैस तपासायला खांद्यापर्यंत हातमोजा चढवलेला हवा. सुट्टीच्या दिवशी भिवंडी-कल्याणच्या तबेल्यांत जा. महालक्ष्मी रेसकोर्सवर घोड्यांच्या डॉक्टरांसोबत उभं राहायला मिळालं तर सोडू नकोस. इथे आल्यावर, लायसन्स नसताना, बहुतेक वेळ दुसऱ्यासाठी जनावर धरण्यातच जातो.

आता सुयांकडे येते. मध्यंतरी एक डॅशहुंड आला, मागचे दोन्ही पाय लुळे. मालकीणबाई म्हणाल्या, ऑपरेशन नको, सुयाच लावा. मी आधी मागच्या पायाचं बोट चिमट्यात जोरात दाबलं. पाय आखडला, पण तो नुसता रिफ्लेक्सही असू शकतो. कुत्रा मान वळवून बघतो का, कण्हतो का, ते बघायचं असतं. तो वळला आणि गुरगुरला. म्हणजे खोल वेदनेची जाणीव शाबूत होती. नसती तर मी एकही सुई न काढता त्याला त्याच दिवशी सर्जनकडे पाठवलं असतं. तरीही ऑपरेशनचा पर्याय मी पहिला सांगितला. त्या नाहीच म्हणाल्या, तेव्हा पिंजऱ्यात सक्त विश्रांती, वेदनाशामक औषधं आणि जोडीला इलेक्ट्रोॲक्युपंक्चर (सुयांमधून सौम्य वीज सोडणं) सुरू केलं. कमरेचा शेवटचा मणका आणि त्रिकास्थी यांच्यामधल्या खळग्यात बैहुई हा बिंदू असतो, तिथून सुरुवात केली. पाण्यातली ट्रेडमिल त्यानंतर. हा क्रम लक्षात घे. न्यूरोलॉजीची तपासणी पक्की नसेल तर सुई टोचणारी व्यक्ती कुत्र्याचे हातातले तास वाया घालवते, आणि त्याचा मला मनापासून राग येतो.

या क्षेत्रात सगळं एकाच मापाचं नाही. रिहॅबला, म्हणजे व्यायाम आणि फिजिओथेरपीने जनावर पुन्हा चालतं करण्याला, भक्कम आधार आहे. स्पोर्ट्स मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनचं स्पेशालिटी कॉलेज (तज्ज्ञांना प्रमाणित करणारं बोर्ड) एव्हीएमएने 2010 मध्ये मान्य केलं. ॲक्युपंक्चरला तसं स्वतंत्र बोर्ड नाही, तरी वेदनेच्या केसेसमध्ये मी ते विश्वासाने वापरते. होमिओपॅथीपासून मी लांबच राहते. ब्रिटनमधल्या पशुवैद्यकांची नियामक संस्था आरसीव्हीएस हिने 2017 मध्येच तिच्यामागे पुरावा नसल्याचं स्पष्ट सांगितलंय. वनस्पतींच्या बाबतीत 'नैसर्गिक आहे, अपाय होणार नाही' असं म्हणणाऱ्याला टी ट्री ऑइल लावलेलं मांजर दाखवावं: थरथर कापणारं, धड उभंही राहू न शकणारं.

आणि वनस्पती शिकायच्या तर सुरुवात घरूनच कर. एनडीडीबीने (राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने) प्रसार केलेला कासदाहाचा, म्हणजे कासेच्या सुजेवरचा, लेप तुला माहीत असेल: कोरफड 250 ग्रॅम, हळद 50 ग्रॅम, चुना 15 ग्रॅम. तबेल्यात लावलास तर आधी आणि नंतर सीएमटी (कासदाह ओळखायची दुधाची चाचणी) करून वहीत नोंदव, ताप असलेल्या म्हशीला लेपाच्या भरवशावर सोडू नकोस. अशी नीट ठेवलेली वही इथल्या मुलाखतीत कोर्सच्या सर्टिफिकेटपेक्षा जास्त बोलते.

लायसन्स झाल्यावर कोर्सेस आहेतच. पशुवैद्यकीय ॲक्युपंक्चरची आयव्हास ही संस्था 1974 पासूनची आहे, फ्लोरिडात ‘ची’ (Chi) युनिव्हर्सिटी आहे, रिहॅबसाठी टेनेसी युनिव्हर्सिटीचा सीसीआरपी हा सर्टिफिकेट कोर्स आहे. खर्च तुझ्या पगारातून निघेल, काही क्लिनिक्स शिक्षणासाठी भत्ताही देतात.

निघण्याआधी नागपूरला माफसूकडून (आपल्या पशुविज्ञान विद्यापीठाकडून) ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे अधिकृत गुणपत्रकांचं, काम उरकून घे. परदेशातून पाठपुरावा करणं फार जड जातं, आणि आई-बाबांना तुझ्या कागदांसाठी विदर्भ एक्सप्रेसने पाठवायची वेळ येऊ नये. बीसीएसईचा अभ्यास सुरू केलास की कळव. फिजिऑलॉजी आणि फार्माकॉलॉजीपासून सुरुवात कर, माझ्या नोट्स पाठवते.