संगणक सल्ला : जुन्या प्रोसेसरचा वेग वाढवताना

प्रश्न : माझ्याकडे २००९ साली जुळवून घेतलेला डेस्कटॉप आहे. त्यात इंटेलचा कोअर २ ड्युओ ई८४०० प्रोसेसर आणि ४ जीबी डीडीआर२-८०० रॅम आहे. आमच्या भागातील जत्रांमध्ये होणाऱ्या दशावतारी नाटकांचे मी चित्रीकरण करतो आणि फाइल लहान करून नाटकमंडळींना देतो. एका नाटकाच्या रूपांतराला सुमारे ४ तास लागतात. बायोसमध्ये (संगणक सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्ये) वेग वाढवण्याचे पर्याय दिसतात. ओव्हरक्लॉकिंग (प्रोसेसर ठरलेल्यापेक्षा जास्त वेगाने चालवणे) केल्याने हा वेळ कमी होईल का आणि समुद्रकाठच्या हवेत त्यापासून काही धोका आहे का?
– एक वाचक, वेंगुर्ले

उत्तर : वेळ कमी होईल, पण किती, हे आधी कागदावर मांडून पाहावे, म्हणजे त्यासाठी किती जोखीम पत्करायची ते ठरवता येते. ई८४०० चा मल्टिप्लायर ९ आहे आणि मदरबोर्डाकडून त्याला मिळणारा मूळ क्लॉक (कामाचा ठेका देणारी स्पंदने) ३३३ मेगाहर्ट्झचा आहे; या दोहोंच्या गुणाकारातून त्याचा ३ गिगाहर्ट्झ हा वेग येतो. मल्टिप्लायर ९ च्या वर नेण्याची सोय या प्रोसेसरमध्ये नाही, त्यामुळे वाढवता येतो तो मूळ क्लॉकच. तो ३७८ केला की वेग ३.४ गिगाहर्ट्झ होतो, म्हणजे सुमारे १३ टक्क्यांनी वाढतो. व्हिडिओचे रूपांतर हे जवळजवळ सर्वस्वी प्रोसेसरचे काम असल्यामुळे ही वाढ त्यात बहुतांशी उतरते आणि ४ तासांचे काम साधारण साडेतीन तासांत आटोपते. १९९८ मध्ये बाजारात आलेल्या सेलेरॉन ३००ए या प्रोसेसरचा मूळ क्लॉक ६६ वरून १०० केला की तो ३०० ऐवजी ४५० मेगाहर्ट्झवर, म्हणजे दीडपट वेगाने चाले आणि पुष्कळदा विनातक्रार चाले. ओव्हरक्लॉकिंगचा बोलबाला झाला तो अशा प्रोसेसरांमुळे. आपल्या यंत्राकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये.

वेग वाढवण्याआधी एक गोष्ट अवश्य पडताळावी, ती म्हणजे आपला प्रोसेसर आज त्याच्या ठरलेल्या वेगाने तरी सलग चालतो का. इतक्या वर्षांत हीट सिंक (प्रोसेसरची उष्णता हवेत सोडणारा धातूचा भाग) आणि प्रोसेसर यांच्यामधील थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झालेली असते, हीट सिंकच्या पात्यांत धूळ बसलेली असते आणि तापमान हाताबाहेर गेले की प्रोसेसर स्वतःच वेग कमी करून आपला बचाव करतो. या पिढीतील हीट सिंक प्लॅस्टिकच्या चार खुंट्यांवर बसवलेला असतो आणि त्यांपैकी एखादी खुंटी अर्धवट सुटलेली असणे ही फार वारंवार आढळणारी गोष्ट आहे. मदरबोर्ड बाहेर काढून त्याची मागची बाजू पाहावी; प्रत्येक खुंटीची दोन्ही पांढरी टोके भोकातून पूर्ण बाहेर आलेली आणि त्यांच्या मधोमध काळी कांडी उतरलेली दिसली पाहिजे. तसे नसेल तर हीट सिंक काढून जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी, नवी पेस्ट वाटाण्याएवढी घ्यावी आणि समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबाव्यात. एवढ्यानेच रूपांतराचा वेळ घटला, तर यंत्र इतके दिवस तापून मंदावत होते असे समजावे.

आता आपल्या किनारपट्टीविषयी. हीट सिंक प्रोसेसरला खोलीतील हवेपेक्षा थंड करू शकत नाही. खोलीचे तापमान २४ ऐवजी ३४ अंश असेल, तर प्रोसेसरचे तापमानही ढोबळमानाने तेवढेच वर सरकते. म्हणून डिसेंबरात सुरळीत चाललेले ओव्हरक्लॉकिंग एप्रिल-मे महिन्यांत कोलमडू शकते आणि चाचणी घ्यायची तर ती उन्हाळ्यातील दुपारी घ्यावी. दमटपणापेक्षा खरे नुकसान करते ते मीठ. वाऱ्याबरोबर आलेले क्षार धुळीत मिसळून बोर्डावर बसतात आणि पावसाळ्यात हवेतील ओलावा ओढून घेतात. मग त्या थरातून अगदी थोडा विद्युतप्रवाह नको तिथे झिरपू लागतो, तांब्यावर हिरवट आणि अॅल्युमिनियमच्या पात्यांवर पांढरी भुकटी धरते. ज्या यंत्राला ठरलेल्या वेगावर अशा गळतीचा त्रास जाणवत नाही, त्याला वाढीव वेगावर तो जाणवतो, कारण तेथे सिग्नलला चुकण्याची सवलत कमी उरते. कोरड्या मऊ ब्रशने बोर्ड स्वच्छ करावा, रॅमच्या पट्टीवरील संपर्क पुसून घ्यावेत आणि पावसाळ्यात काम नसले तरी यंत्र रोज थोडा वेळ सुरू ठेवावे, म्हणजे आतील ओल वाळते. प्रोसेसरभोवतीच्या उभ्या कपॅसिटरांची (वीज साठवणाऱ्या छोट्या नळकांड्यांची) टोपणे सपाट असली पाहिजेत. एखादे जरी फुगलेले दिसले, तरी ओव्हरक्लॉकिंगचा विचार तिथेच सोडून द्यावा.

विजेचा प्रश्नही तितकाच महत्त्वाचा आहे. सलग चार तास पूर्ण भाराने चालणाऱ्या यंत्राला मध्येच वीज गेलेली किंवा व्होल्टेज खाली आलेले सोसत नाही, आणि वेग वाढवल्यावर एसएमपीएसवरील (संगणकाच्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्यावरील) ताणही वाढतो. यूपीएस हवाच, शिवाय जांभ्याच्या कोरड्या जमिनीत अर्थिंग नीट लागत नाही, म्हणून उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी घालण्याचा परिपाठ ठेवावा आणि एकदा इलेक्ट्रिशियनकडून ते तपासून घ्यावे.

एवढे सगळे ठीक असेल तर पुढील क्रमाने जावे. प्रोसेसरचे व्होल्टेज ‘ऑटो’वर ठेवू नये, कारण काही बोर्ड वेग वाढवताच व्होल्टेज आपणहून चढवतात, सध्या दिसते तेच मूल्य पक्के करावे. उष्णता वेगाच्या प्रमाणात वाढते, पण व्होल्टेजच्या मात्र वर्गाच्या प्रमाणात वाढते. १३ टक्के वेगासाठी व्होल्टेज १० टक्क्यांनी चढवावे लागले, तर प्रोसेसरची उष्णता सुमारे ३७ टक्क्यांनी वाढेल, आणि कोकणातल्या उन्हाळ्यात हा व्यवहार परवडणारा नाही. पीसीआय एक्स्प्रेसचा (ग्राफिक्स कार्डासारखी कार्डे जोडणाऱ्या वाहिनीचा) क्लॉक १०० वर पक्का करावा. ही सोय ज्या बोर्डात नसते, त्यात मूळ क्लॉकबरोबर इतर भागांचाही वेग चढतो आणि हार्ड डिस्कवरील माहिती बिघडण्याची शक्यता निर्माण होते. रॅमचा वेग आधी ६६७ वर उतरवावा, म्हणजे मूळ क्लॉक ३७८ झाल्यावर ती ७५६ वर येईल आणि आपल्या ८०० च्या मर्यादेत राहील. त्यानंतर क्लॉक पाच-पाच मेगाहर्ट्झने वाढवावा. अधूनमधून मेमटेस्ट या प्रोग्रॅमने रॅम आणि प्राइम९५ या प्रोग्रॅमने प्रोसेसर तपासावा आणि कोअर टेम्प या प्रोग्रॅममध्ये तापमान पाहत राहावे. ई८४०० च्या मालिकेतील तापमानाचे सेन्सर कमी तापमानाला एकाच आकड्यावर अडकून बसतात, त्यामुळे यंत्र रिकामे असतानाच्या आकड्यावर विसंबू नये. पूर्ण भाराखालील आकडा अधिक भरवशाचा असतो आणि तो ७० अंशांच्या आत राहिलेला बरा. पडदा काळाच राहिला तर घाबरू नये. विजेची वायर काढून, बोर्डावरील सीआर२०३२ बॅटरी काही मिनिटे बाहेर ठेवली की बायोस मूळ स्थितीत येते.

अस्थिर प्रोसेसर दर वेळी यंत्र बंद पाडूनच इशारा देतो असे नाही, हे आपल्या कामाच्या दृष्टीने सर्वांत गंभीर आहे. तो गणित चुकतो आणि पुढे जातो. मग तयार फाइलमध्ये मध्येच हिरवे चौकोन उमटतात किंवा राजाचे स्वगत चालू असताना आवाज तुटतो. जत्रेतला तो प्रयोग पुन्हा चित्रित करता येत नाही. म्हणून मूळ चित्रीकरण वेगळ्या डिस्कवर सुरक्षित असल्याखेरीज रूपांतर सुरूच करू नये.

माझा सल्ला विचाराल तर आपण ओव्हरक्लॉकिंगच्या आधी त्याच सॉकेटमध्ये (प्रोसेसरच्या खाचेत) बसणाऱ्या, चार कोअरच्या (आज्ञा पार पाडणाऱ्या चार भागांच्या) प्रोसेसरचा शोध घ्यावा. कोअर २ क्वाड क्यू९५५० हा २.८३ गिगाहर्ट्झचा आहे आणि त्याचा मूळ क्लॉकही ३३३ आहे. रूपांतराची सॉफ्टवेअरे चारही कोअर चांगल्या प्रकारे वापरतात, त्यामुळे एकही आकडा न वाढवता काम निम्म्याच्या आसपास वेळात होण्याची शक्यता असते. मात्र आपला ई८४०० हा ६५ वॅटचा आणि हा ९५ वॅटचा, म्हणून बोर्डाच्या निर्मात्याने दिलेल्या प्रोसेसरांच्या यादीत त्याचे नाव आहे का ते पाहावे आणि जुना एसएमपीएस व हीट सिंक त्यासाठी बदलावे. यादीत नाव नसेल, तर मात्र वर सांगितलेली १३ टक्क्यांची वाढ, व्होल्टेज न चढवता, करून पाहण्यास हरकत नाही.

प्रश्न : माझ्या दुकानातील संगणकात कोअर आय५-२४०० आणि एच६१ चिपसेटचा (नियंत्रक चिपचा) बोर्ड आहे. हिशेबाचे सॉफ्टवेअर उघडायला फार वेळ लागतो. ओव्हरक्लॉकिंगचा पर्याय बायोसमध्ये सापडत नाही.
– एक वाचक, गुहागर

उत्तर : तो सापडणार नाही. २०११ च्या या पिढीपासून इंटेलने मूळ क्लॉक १०० मेगाहर्ट्झवर ठेवून बोर्डावरील इतर भागांचे क्लॉकही त्याच्याशी बांधले, त्यामुळे तो फार तर काही टक्केच हलवता येतो. मल्टिप्लायर हवा तसा वाढवण्याची मोकळीक आय५-२५००के सारख्या, नावात ‘के’ असलेल्या प्रोसेसरांना आणि पी६७ किंवा झेड६८ चिपसेटच्या बोर्डांना होती. आपला प्रोसेसर ३.१ गिगाहर्ट्झचा असला तरी टर्बोमुळे गरजेनुसार स्वतःच ३.४ पर्यंत जातो. शिवाय सॉफ्टवेअर उघडण्यातील विलंब हा बहुतेक वेळा हार्ड डिस्कचा असतो, प्रोसेसरचा नव्हे. साधी साटा एसएसडी (फिरत्या चकत्या नसलेली वेगवान डिस्क) बसवून त्यावर ऑपरेटिंग सिस्टिम आणि हिशेबाच्या फाइल हलवाव्यात, जुनी डिस्क रोजच्या बॅकअपसाठी ठेवावी, आणि रॅमची एकच पट्टी असेल तर तशीच दुसरी शेजारच्या खाचेत बसवावी.