कॉलमचा क्रम बदलायला टेबल नव्याने बांधू का?

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. पोस्टग्रेस डेटाबेस नवीन कॉलम शेवटीच टाकतं आणि तुला ईमेल मोबाइल नंबरच्या शेजारी हवाय, म्हणून अख्खं टेबल परत बांधायचं म्हणतोयस. नको बांधूस. बघायला नीट हवं तर एक व्ह्यू (टेबलासारखी वापरता येणारी, साठवून ठेवलेली क्वेरी) बनव, त्यात पाहिजे तो क्रम दे, झालं काम.

रिलेशनल डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या एडगर कॉडने 1970च्या पेपरात आधी क्रमवाले कॉलमच मांडले होते, पण लगेच पुढे म्हटलं की तीस-तीस कॉलम असतात, त्यांचा क्रम लक्षात ठेवायचं ओझं वापरणाऱ्यावर नको, नावाने ओळखा. मला हे शंभर टक्के पटतं. एसक्यूएलने, म्हणजे डेटाबेसशी बोलायच्या भाषेने, मात्र क्रम ठेवलाच, आणि त्यात मी चांगलाच पोळलोय.

जुन्या नोकरीत एक रात्रीचा जॉब कॉलमची नावं न लिहिताच इन्सर्ट करायचा, म्हणजे नव्या ओळी नुसत्या जागेनुसार भरायचा, टेस्टच्या मायएसक्यूएलवर कुणीतरी आफ्टर (अमुक कॉलमनंतर टाक असं सांगणारा शब्द) लावून सवलतीचा कॉलम कराच्या कॉलमआधी घातलेला आणि प्रॉडक्शनवर तोच कॉलम शेवटी, दोन्ही डेसिमल (दशांश आकडे), त्यामुळे एरर काहीच नाही, दोन दिवस कर सवलतीत आणि सवलत करात जात राहिली. बिलं लोकांपर्यंत पोचली होती रे, ते अजून बोचतं मला. दोन क्वेरींच्या ओळी एकत्र जोडणाऱ्या युनियन ऑलचंही तेच, नावं बघत नाही, जागा बघून जुळवतं. म्हणून इन्सर्टमध्ये नावं लिहायचीच, आणि कोडमध्ये सिलेक्ट स्टार (नावं न देता सगळे कॉलम मागवणं) नको.

डिस्कवर मात्र क्रमाने फरक पडतो. पोस्टग्रेसमध्ये बिगइंट (8 बाइटचा पूर्णांक) 8 बाइटच्या हद्दीवरच सुरू होतो, आधीची जागा रिकामी सोडतो, त्यामुळे बुलियन (1 बाइटचं हो-नाही), बिगइंट, बुलियन, बिगइंट असं ठेवलं तर 32 बाइट जातात, दोन्ही बिगइंट आधी घेतले तर 24. ओळीमागे 8 बाइट, म्हणजे 10 कोटी ओळींना 80 कोटी बाइट. नवीन मोठं टेबल करताना हे जरूर बघ, तुझ्या दोन लाख ओळींसाठी जीव काढू नकोस.

इंडेक्सचा (ओळी पटकन शोधायच्या सूचीचा) क्रम ही वेगळी गोष्ट, तिथे घोळ घालू नकोस. शहर आणि तारीख असा इंडेक्स असेल आणि क्वेरीत फक्त तारीख असेल तर सहसा त्याचा फारसा उपयोग होत नाही.

उद्या आधी रेपोत (कोडच्या साठ्यात) कॉलमची नावं नसलेले इन्सर्ट शोध, किती सापडले ते कळव, मी बसतो तुझ्याबरोबर.